पुस्तकाच्या दुकानात ई-रीडर ठेवावा का?

प्रश्न सांगलीहून आला आहे. थोडक्यात असा: "वडिलांनी सुरू केलेलं पुस्तकांचं दुकान आहे, साडेचारशे चौरस फुटांचं. ई-रीडरच्या, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राच्या, एका वितरकाचा माणूस येऊन गेला. ६,९९९ रुपयांचं मशीन, ८ टक्के मार्जिन, पहिल्या खेपेला १० नग घ्यायचे, डेमो पीस वेगळा विकत घ्यायचा. परदेशातल्या मोठ्या दुकानांनी हा प्रयोग करून सोडून दिला असं ऐकलंय. त्यांचं का फसलं, आणि मी करावं का?"

या अटींवर करू नका. वेगळ्या अटी मिळाल्या तर विचार करता येईल, त्या शेवटी सांगतो. मी चौदा वर्षं साखळी दुकानांच्या खरेदी विभागात काढली, आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि नंतर पुस्तकांच्या. ई-रीडर दोन्हीकडे माझ्याच गळ्यात पडला आणि दोन्हीकडे पडूनच राहिला.

आधी तुमचा हिशोब मांडू. ६,९९९ चे ८ टक्के म्हणजे ५६० रुपये. पण हे ८ टक्के एमआरपीवर आहेत की जीएसटी वजा जाता, हे त्या माणसाला विचारलंत का? १८ टक्के कर धरून मूळ किंमत काढली तर ती ५,९३१ होते आणि तुमचे ५६० घसरून ४७५ वर येतात. त्यातून कार्ड मशीनचे पैसे जातील. गिऱ्हाइकाने हप्त्यावर मागितलं तर तो खर्च वेगळा. आता तुमच्या रोजच्या धंद्याशी ताडून बघा. ३०० रुपयांच्या पुस्तकावर ३५ टक्के सुटत असतील तर १०५ रुपये. महिन्याला दोन पुस्तकं नेणारा वाचक तुम्हाला वर्षाला अडीच हजार देऊन जातो. ई-रीडर घेणारा माणूस नेमका हाच असतो. वर्षाला एखादं पुस्तक वाचणारा सात हजाराचं वाचनयंत्र कशाला घेईल? म्हणजे आपल्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकाला आपण हे विकतो, एकदाच ४७५ रुपये घेतो, आणि त्याची पुढची खरेदी आपल्या दारावरून जाणार नाही याची सोयही करून देतो.

अडचणीचं मूळ इथेच आहे. मशीन सुरू केलं की ते आधी खातं उघडायला सांगतं. खातं उघडलं की गिऱ्हाईक मशीन बनवणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसलं. फोन विकणाऱ्या दुकानदाराचं असं होत नाही. त्याच्याकडे कव्हर, काच, चार्जर घ्यायला माणूस पुन्हा येतो, दोन वर्षांनी नवा फोन घ्यायलाही येतो. ई-रीडर सात-आठ वर्षं सहज चालतो आणि त्याला लागणारा एकच माल म्हणजे पुस्तकं. ती तुमच्याकडून घेता येत नाहीत.

मार्जिन इतकं कमी का, याचं कारणही यातच आहे. किंडल हा ॲमेझॉनचा ई-रीडर. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये बीबीसीला उघडपणे सांगितलं होतं की किंडलचं यंत्र आम्ही पडत्या किमतीलाच विकतो, त्यात नफा ठेवत नाही; कमाई होते ती लोक नंतर जे विकत घेतात त्यातून. आता ज्याने स्वतःच यंत्रात नफा ठेवलेला नाही तो दुकानदाराला काय देणार? सहा, आठ, नऊ टक्के. वितरकाशी घासाघीस करून यात फार फरक पडत नाही, कारण द्यायला त्याच्याकडेही काही नसतं.

अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांना हे लवकर कळलं. टार्गेटने मे २०१२ मध्ये किंडल विकणं थांबवलं आणि त्याच सप्टेंबरात वॉलमार्टनेही. त्यांची तक्रार पुस्तकांपुरती नव्हती. किंडलचा टॅब्लेट तर हातात धरलेलं ॲमेझॉनचं दुकानच होतं. त्यावरून पुस्तकंच काय, साबण आणि सायकलही मागवता येत होती. वर गिऱ्हाईक दुकानात येऊन वस्तू हाताळायचं आणि मागवायचं ऑनलाइन. आपल्याच फडताळावर प्रतिस्पर्ध्याची खिडकी कोण उघडून ठेवील?

त्यावर ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१३ मध्ये तोडगा काढला, 'ॲमेझॉन सोर्स' नावाचा. तो अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांसाठी होता, म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी. पुस्तकाच्या दुकानांना यंत्रावर ६ टक्के सूट, कव्हर-चार्जर वगैरेंवर ३५ टक्के, आणि त्या यंत्रावर घेतलेल्या प्रत्येक ई-पुस्तकावर १० टक्के, पण फक्त दोन वर्षं. पुढच्या खरेदीतला हिस्सा नको असेल तर यंत्रावर ९ टक्के. कागदावर वाईट नव्हतं, निदान खात्याचा प्रश्न त्यांनी मान्य तरी केला होता. पण ११९ डॉलरच्या यंत्रावर ६ टक्के म्हणजे जेमतेम सात डॉलर. आणि दोन वर्षांनी काय? तर गिऱ्हाईक कायमचं त्यांचं. बहुतेक दुकानदारांनी पाठ फिरवली. काहींचा नकार रागाचा होता, पण आकडे मांडूनही उत्तर तेच येत होतं.

सगळ्यात जास्त अभ्यासावं असं उदाहरण लंडनच्या वॉटरस्टोन्सचं आहे. ब्रिटनमधली ही पुस्तकांची सगळ्यात मोठी साखळी. २०११ मध्ये ती रशियन उद्योजक अलेक्झांडर मामुत यांनी विकत घेतली आणि कारभार जेम्स डाँट यांच्याकडे दिला. डाँट मुळात लंडनमधल्या छोट्या पुस्तकदुकानांचे मालक, हाडाचे पुस्तकविक्रेते. ॲमेझॉनला त्यांनी पैसे कमावणारा निर्दय सैतान म्हटलं होतं. आणि मे २०१२ मध्ये त्याच डाँटनी किंडल विकायचा करार जाहीर केला! धंद्यातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. मला मात्र त्या वेळी त्यांचं गणित पटलं होतं. वाचक डिजिटलकडे पळतोय असं सगळेच धरून चालले होते, स्वतःचं यंत्र काढायला उशीर झाला होता, आणि पळणाऱ्या वाचकाने निदान कॉफी प्यायला तरी आपल्या दुकानात बसावं, असा तो हिशोब होता.

तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्यांनी किंडल बहुतेक दुकानांतून काढायला घेतले. किंडलची विक्री दयनीय आहे आणि ती जागा आम्ही छापील पुस्तकांना परत देतोय, असं डाँट म्हणाले. दुकानदाराच्या नजरेने बघितलं तर 'जागा' हा शब्द महत्त्वाचा आहे. किंडलची मांडणी सहसा दर्शनी भागात असते, दारातून आत आल्यावर पहिली नजर जाते तिथे. त्या टेबलावर पुस्तकं ठेवली की ती त्याच दिवशी खपतात. २०१४ च्या डिसेंबरात त्यांची छापील पुस्तकांची विक्री ५ टक्क्यांनी वाढली होती आणि किंडलची जवळजवळ नाहीशी झाली होती. एका चौरस फुटातून महिन्याला किती सुटलं, हे साखळीत दर सोमवारी बघतात. तुमच्या साडेचारशे फुटांत तर ते रोज बघायला हवं.

आता काउंटरवर काय घडतं ते सांगतो, कारण नुसत्या करारांवरून हे कळत नाही.

ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो. तो वीज गेली तरी शेवटचं चित्र धरून ठेवतो. ती त्या तंत्राची खुबी आहे, पण दुकानात तीच अडचण होते. आमच्या एका शाखेत डेमो पीस चोरी-तारेला बांधून उभा केला होता. त्या तारेच्या पकडीने चार्जिंगचं भोक झाकून टाकलं होतं, त्यामुळे तो महिन्याभरात निजला, पण पडद्यावर चित्र तसंच. लोक यायचे, काचेवर कागद चिकटवलाय असं समजून नखाने कोपरा उचकटायचा प्रयत्न करायचे, मग "डमी आहे रे" म्हणून पुढे जायचे. मी दौऱ्यावर गेलो तेव्हा आमचा सेल्समनही मला तेच म्हणाला, "सर, तो डमी आहे, खरा कंपनीने पाठवलाच नाही." सात महिने तो खरा पीस डमी म्हणून उभा होता.

आणि चालू असला तरी काय? पान उलटताना पडदा क्षणभर काळा व्हायचा. गिऱ्हाईक दचकून हात मागे घ्यायचं, आपण काही बिघडवलं की काय म्हणून. शेजारी रंगीत टॅब्लेट झगझगत असायचा, त्यावर सिनेमाची झलक फिरत असायची. ई-रीडरचे खरे गुण कोणते? भर उन्हात गच्चीवर वाचता येतं, चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं, रात्री दोन तास वाचूनही डोळे चुरचुरत नाहीत. यातला एकही गुण ट्यूबलाइटखाली तीन मिनिटांत दिसत नाही. त्याच्याकडे दाखवायला काही नाही आणि दुकानात माल दाखवूनच विकावा लागतो.

फोनच्या कंपन्या यावर माणूस ठेवतात. काउंटरवर तुम्हाला जो उत्साहाने कॅमेरा दाखवतो तो बहुधा दुकानाचा नोकर नसतोच, कंपनीचा प्रमोटर असतो, पगार कंपनी देते. ई-रीडरच्या खपात असा माणूस परवडत नाही. मग काम पडतं आमच्या पोरावर. फोन विकला की त्याला तीनशे रुपये इन्सेंटिव्ह, ई-रीडर विकला की पन्नास. एवढं माहीत असल्यावर तो गिऱ्हाइकाला कुठे नेईल हे सांगायला नको.

त्यातूनही विकला गेला तर दुसऱ्या दिवशीची गंमत. एक निवृत्त शिक्षक हौसेने मशीन घेऊन गेले आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात हजर.

"अहो, यात पुस्तकं कुठायत?"

"काका, ती आता डाउनलोड करायची. ईमेल आहे ना तुमचा?"

"मुलाने काढून दिलाय. तो पुण्याला असतो."

पासवर्डसाठी मुलाला फोन, तो मीटिंगमध्ये. दुकानात वायफाय नाही, म्हणून पोराने स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. पाऊण तास गेला. मग काकांनी खरा प्रश्न विचारला, "मराठी कुठेत?" तेव्हा द्यायला उत्तर नव्हतं. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत. त्याआधी मराठी वाचायचं तर पीडीएफ, आणि मोठ्या पानाची पीडीएफ सहा इंची पडद्यावर म्हणजे मुंगीएवढी अक्षरं. पुण्याच्या बुकगंगासारख्यांची मराठी ई-पुस्तकं होती, पण ती वाचायची त्यांच्या ॲपवर, म्हणजे फोनवर किंवा टॅब्लेटवर. काकांनी मशीन परत केलं. खोका उघडलेला असल्यामुळे वितरकाने ते घेतलं नाही. त्या एका परतीत आधीच्या बाराएक नगांचं मार्जिन गेलं.

भारतातला सगळा इतिहास असाच, तुकड्यातुकड्यांचा. अहमदाबादच्या इन्फीबीमने २०१० मध्ये 'पाय' नावाचं यंत्र आणलं होतं, ९,९९९ रुपयांना. धाडसी काम होतं, आज कोणाला आठवत नाही. ॲमेझॉनने ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल क्रोमाच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली, किंमत ६,९९९, म्हणजे आज तुम्हाला सांगितलीय तीच. त्या वेळी ॲमेझॉनला इथे दुकानाची गरज होती, कारण त्यांची स्वतःची भारतीय वेबसाइट सुरू व्हायची होती. ती जून २०१३ मध्ये आली. त्यानंतर ही भागीदारी कोणाला जास्त हवी होती, हे तुम्हीच ओळखा. कॅनडात जन्मलेली आणि पुढे जपानच्या राकुतेनने घेतलेली कोबो ही ई-रीडर कंपनी ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रॉसवर्ड, डब्ल्यूएचस्मिथ आणि क्रोमा असे तीन भागीदार घेऊन उतरली. यंत्र चांगलं होतं, मी स्वतः वापरलंय. पण काही वर्षांत दुकानांतून दिसेनासं झालं. फ्लिपकार्टनेही २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांचा धंदा बंद केला आणि आपले वाचक कोबोकडे सोपवले.

हे 'वाचक सोपवणं' परदेशातही झालं आणि त्यात दुकानदाराची फरपट होते. बार्न्स अँड नोबल या अमेरिकन साखळीचं नूक हे यंत्र २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये गेलं. तिथे त्यांचं एकही दुकान नव्हतं, म्हणून जॉन लुईस, आर्गोस, सेन्सबरीज, फॉइल्स अशा सगळ्यांशी हातमिळवणी. वर्षभराच्या आत, एप्रिल २०१३ मध्ये, ७९ पाउंडांचं यंत्र २९ पाउंडांवर आणलं. किंमत अशी कोसळल्यावर नव्या भावाने यंत्र कदाचित खपतंही, पण आदल्या महिन्यात पूर्ण पैसे मोजलेला माणूस दुकानदाराच्याच काउंटरवर येऊन भांडतो. २०१६ मध्ये नूकने ब्रिटन सोडलं आणि वाचक सेन्सबरीजच्या ई-पुस्तक दुकानाकडे दिले. त्याच वर्षी सेन्सबरीजनेही ते दुकान बंद केलं आणि तेच वाचक कोबोकडे. आता विचार करा, त्या माणसाने पहिलं यंत्र जिथून घेतलं त्या दुकानात तो काय बोलायला गेला असेल.

भाव पडण्यावरून माझाही हात पोळलाय. एका दिवाळीसाठी आम्ही शाखा मिळून शंभरावर नग भरले आणि नवरात्रातच ऑनलाइन सेलमध्ये तेच यंत्र हजार रुपयांनी खाली आलं. वितरकाकडे प्राइस प्रोटेक्शन होतं, म्हणजे भाव पडला तर फरक भरून द्यायची हमी, पण करारात बारीक अक्षरात 'गेल्या ३० दिवसांतली खरेदी' असं लिहिलेलं, आणि आमची खरेदी ४१ दिवसांपूर्वीची. शाखांनी मशीन तोट्यात विकली. मी ते कलम वाचलं नव्हतं, ही माझी चूक, आणि ती अजून खुपते.

मग हे कुठेच चाललं नाही का? चाललं, जर्मनीत. मार्च २०१३ मध्ये थालिया, वेल्टबिल्ड, हूगेनडूबेल आणि क्लब बर्टेल्समान हे एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे पुस्तकविक्रेते एकत्र आले, तंत्रासाठी डॉइचे टेलिकॉमला सोबत घेतलं आणि टोलिनो नावाचं यंत्र काढलं. खातं यंत्राच्या कंपनीकडे नाही. ज्या दुकानातून यंत्र घेतलं त्याच दुकानाचं ई-पुस्तकालय त्यावर उघडतं. वाचकाने रात्री घरी बसून पुस्तक घेतलं तरी पैसे त्याच्या दुकानाच्या गल्ल्यात. २०१४ मध्ये लिब्री हा घाऊक विक्रेता त्यात आला आणि छोट्या दुकानांनाही वाट मिळाली. टेलिकॉम २०१७ मध्ये बाहेर पडली, तंत्राचं काम कोबोकडे गेलं, तरी दुकानांची गाडी थांबली नाही. किंडलला घरच्या मैदानात टक्कर देणारं दुकानदारांचं असं दुसरं यंत्र मला माहीत नाही. अर्थात जर्मनीत पुस्तकाची किंमत कायद्याने ठरलेली असते, ई-पुस्तकाचीही, त्यामुळे कोणी भाव पाडून गिऱ्हाईक ओढू शकत नाही. आपल्याकडे तो आडोसा नाही, म्हणून टोलिनोची नक्कल सांगलीत एकट्याने करता येणार नाही.

आता तुमच्यापुरतं. वितरकाचा माणूस पुन्हा आला की १० नगांना नाही म्हणा. ६४ हजारांच्या वर रक्कम अडकते आणि तेवढ्यात शाळा सुरू व्हायच्या आधीचा तुमचा अख्खा माल भरता येतो. दोन नग कन्साइनमेंटवर मागा, विकले की पैसे. डेमो पीस फुकट हवा आणि चार्जिंगची तार त्यांनीच जोडून द्यावी. खात्याचा विषय काढा: या मशीनवर घेतलेल्या पुस्तकांत दुकानाचा हिस्सा किती आणि किती वर्षं? बहुधा तो माणूस "वरती विचारून सांगतो" म्हणेल. तिथेच तुमचं उत्तर मिळेल.

एक बाजूची गोष्ट. तुम्ही फक्त पुस्तकंच विकत असाल तर छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि निव्वळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. करपात्र वस्तू ठेवली की एकूण उलाढाल धरताना पुस्तकांची विक्रीही मोजली जाते. स्टेशनरीमुळे तुमची नोंदणी आधीच असेल तर प्रश्न नाही. नसेल तर दोन मशीनांपायी हा व्याप मागे लावून घेण्याआधी सीएशी बोला.

कव्हर मात्र ठेवा. सहा इंची ई-रीडरची साधी कव्हरं, कापडी असतील तर उत्तम. मशीन लोक ऑनलाइन घेतात, पण कव्हर हातात धरून बघायला त्यांना आवडतं, आणि त्यावर मार्जिन पुस्तकाइतकं किंवा जास्तच सुटतं. आम्ही उरलेली मशीन काढून टाकल्यावरही कव्हरांची ती उभी जाळी दोन वर्षं गल्ल्याशेजारी होती आणि दर महिन्याला भरावी लागायची.

करार झालाच तर परतीच्या कलमात 'न उघडलेला खोका' असे शब्द आहेत का तेवढं बघा. असतील तर सही करण्याआधी ते खोडून घ्या. ई-रीडर परत करायला येणारा प्रत्येक जण खोका उघडूनच आलेला असतो.